अरब विद्यार्थी आणि इंग्रजी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अरब देशांतून महाराष्ट्रात शिकायला येणारी मुलं आणि इथून आखातात शिकवायला जाणारे शिक्षक, दोन्हीकडून आमच्याकडे पत्रं येतात. त्यातले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

पुण्यात कॅम्प भागात मी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. येमेन, ओमान, सुदान, इराकमधली मुलं असतात. फी वेळेवर येते, हजेरीही बरी असते. पण प्रश्न विचारला की सगळे माना खाली घालतात. यांना शिकायची इच्छाच नाही, असं समजायचं का?
— एक शिक्षिका, पुणे

नाही, घाई करू नका. शिकायची इच्छा भरपूर असूनही माणूस वर्गात तोंड उघडत नाही, आणि अरब विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे फार वेळा घडतं. त्याची कारणं बहुतेक वेळा वर्गाच्या रचनेत सापडतात.

पहिलं कारण वयाचं. पुण्यातल्या अशा वर्गांत बारावी होऊन आलेला १९ वर्षांचा मुलगा आणि पीएच.डी.साठी आलेला पस्तिशीचा प्राध्यापक शेजारी शेजारी बसतात. धाकट्याने थोरल्याच्या आधी बोलायचं नाही हा घरचा रिवाज, आणि थोरल्याने धाकट्यांसमोर चुकायचं म्हणजे शोभा. म्हणून दोघेही गप्प. त्यात एकाच गावची चार मुलं कोंढव्यात एकाच फ्लॅटमध्ये राहत असली, की वर्गात झालेली फजिती रात्री जेवताना निघते आणि फोनवरून गावालाही पोचते. आपली इज्जत ती घराची इज्जत, ही भावना आपल्याकडे नाही असं नाही. तिथे ती जास्त घट्ट आहे, इतकंच.

दुसरं कारण शाळेतल्या अरबीचं. घरी, बाजारात बोलली जाते ती आम्मिया, म्हणजे त्या त्या प्रदेशाची बोली. पुस्तकात, बातम्यांत, परीक्षेत असते ती फुस्हा. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये एकाच समाजातल्या अशा दोन स्तरांच्या भाषेवर लिहिलं, तेव्हा त्याच्या प्रमुख उदाहरणांत अरबी होती. फुस्हा घरात कुणीच बोलत नाही. शाळेत ती मोठ्याने वाचताना शब्दाच्या शेवटचा स्वर चुकला की शिक्षक तिथेच थांबवतात. म्हणजे ‘वर्गातली भाषा’ ही बिनचूक म्हणून दाखवायची गोष्ट, हे मुलाच्या अंगात मुरलेलं असतं. तीच सवय तो इंग्रजीच्या तासाला घेऊन येतो : येत असेल तर बोलायचं, नाहीतर मुकाट्याने बसायचं.

आता करायचं काय? प्रश्न टाकल्यावर कुणाचंही नाव लगेच घेऊ नका. आधी एक मिनिट कागदावर लिहू द्या, मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या, आणि नंतर विचारा, “तुमच्या जोडीदाराने काय सांगितलं?” दुसऱ्याचं म्हणणं सांगताना चूक झाली तरी ती स्वतःची वाटत नाही, पहिल्या महिन्यात या एका युक्तीवर बराच तास निभतो. उत्तराची वाट पाहताना मनात आठपर्यंत मोजा. बहुतेक शिक्षक दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात आणि वर्ग ते बरोब्बर ओळखतो. चुका त्या क्षणी सुधारू नका. वहीत टिपून ठेवा आणि तासाच्या शेवटी पाच-सहा चुका नाव न घेता फळ्यावर मांडा. वयाने मोठ्या विद्यार्थ्याला विषय आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि सुरुवात त्यालाच करू द्या. पहिले दोन आठवडे मित्रामित्रांच्या जोड्या राहू द्या, तिसऱ्या आठवड्यापासून बदला. मुलींच्या जोड्या मुलींशीच ठेवा. त्यांनी होऊन बदल मागितला तर करा.

संभाषणाच्या पुस्तकातले काही पाठ सरळ वगळा. ‘माझं कुटुंब’ या पाठात आई, बहीण, बायको यांची नावं सांगायची असतात. येमेन आणि आखातातल्या अनेक पुरुषांना परक्यांसमोर घरच्या बायकांची नावं घेणं अवघड वाटतं. तिथे नातं, गाव, व्यवसाय विचारा, नाव नको. येमेनी मुलांसमोर राजकारण काढू नका. युद्धाच्या दोन बाजूंची घरं तुमच्या एकाच बाकावर असू शकतात. आणि इराणी विद्यार्थी किंवा इराकमधला कुर्द विद्यार्थी यांना अरब समजू नका. ही चूक पुण्यात रोज होते आणि त्यानंतर तो विद्यार्थी तुमचं फारसं मनावर घेत नाही.

पहिल्याच दिवशी एक कागद भरून घ्या, उत्तरं अरबीत लिहिली तरी चालतील. तुम्ही इंग्रजी शिकावं असं सगळ्यात जास्त कुणाला वाटतं? खर्च कोण करतं? पुढची परीक्षा कोणती आणि कधी? येत्या सहा महिन्यांत कुणाशी इंग्रजीत बोलावं लागणार आहे? इंग्रजीत आत्ताच काय बघता, काय खेळता? इतकं पुरे. झोल्तान डॉर्न्येई या अभ्यासकाने २००५ मध्ये मांडलेली विभागणी इथे कामी येते : मला जे व्हायचंय ते एक चित्र, आणि इतरांना मी जे व्हावं असं वाटतं ते दुसरं. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘वडील’ किंवा ‘थोरला भाऊ’ असेल, तर दर चार आठवड्यांनी घरी दाखवता येईल असा लेखी निकाल द्या; त्या मुलाला त्याने खरा जोर येतो. उत्तर ‘मी’ असेल तर निकालपत्राचा फारसा उपयोग नाही. चौथ्या प्रश्नात त्याने जो माणूस लिहिलाय, त्याच्याशी बोलायची तयारी करून घ्या.

इंग्रजीची ओढ सगळ्या अरब देशांत सारखीच असते का? आमच्या विद्यापीठात येमेनी विद्यार्थी जास्त. एक मोरोक्कोची मुलगी आहे, तिचा इंग्रजीकडे पाहण्याचा रोख अगदी वेगळा वाटतो.
— एक प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. अरब लीगमध्ये २२ देश आहेत आणि इंग्रजी प्रत्येकाच्या दारी वेगळ्या वाटेने आली.

मोरोक्कोवर १९१२ ते १९५६ फ्रेंचांचा अंमल होता. तिथे साहेबाची भाषा म्हणजे फ्रेंच. चांगली नोकरी, दवाखाना, बँक सगळं फ्रेंचमध्ये. ज्याच्या घरात फ्रेंच बोलली जाते तो शर्यतीत आधीच पुढे. इंग्रजी मात्र बहुतेकांच्या घरात नव्हती, त्यामुळे कॅसाब्लांकाच्या श्रीमंत वस्तीतला मुलगा आणि खेड्यातली मुलगी तिथे जवळपास एकाच रेषेवरून निघतात. शिवाय ती इंटरनेटवरून, गाण्यांतून, मालिकांतून आली. राज्यकर्त्याबरोबर आली नाही. म्हणून तिकडच्या तरुणांना इंग्रजी हलकी वाटते, मनाचं ओझं नसलेली. सरकारनेही २०२३ पासून माध्यमिक शाळांत ती टप्प्याटप्प्याने आणायला घेतली. अल्जीरियाने, जिथे फ्रेंच १८३० पासून १९६२ पर्यंत ठाण मांडून होते, २०२२ च्या सप्टेंबरात तिसरीपासूनच इंग्रजी सुरू केली. त्यामागे भाषाशिक्षणाइतकंच फ्रेंचांशी असलेलं जुनं वैर आहे, हे उघड आहे.

इजिप्तमध्ये उलटं. १८८२ मध्ये ब्रिटिश फौजा आल्या आणि शेवटची तुकडी गेली ती १९५६ मध्ये. तिथे इंग्रजी ही वर्गाची शिडी झाली आहे : खाली अरबी माध्यमाची सरकारी शाळा, मग सरकारी भाषा-शाळा, मग खासगी भाषा-शाळा, वर आंतरराष्ट्रीय शाळा. मुलगा कुठल्या पायरीवरचा, हे त्याच्या उच्चारांवरून कैरोतला माणूस क्षणात सांगतो, आणि लग्न जुळवतानाही ते पाहिलं जातं. म्हणून इजिप्शियन पालक पोटाला चिमटा काढून शिकवण्या लावतात. मात्र ‘सानविया आम्मा’ म्हणजे तिथली बारावी जवळ आली की सगळी ओढ गुणांपुरती आक्रसते. वर्षभर फक्त अपेक्षित प्रश्न. आपल्याकडच्या गाइडछाप तयारीहून ते काही वेगळं नाही.

आखाताची गंमत अशी, की तिथे इंग्रजी बोलायला इंग्रज लागत नाही. संयुक्त अरब अमिरात आणि कतारमध्ये लोकसंख्येचा फार मोठा भाग परदेशी आहे. दुकानदार केरळचा, नर्स फिलिपिन्सची, अभियंता पुण्याचा. या सगळ्यांशी स्थानिक माणूस इंग्रजीतच बोलतो. पण गरज असणं वेगळं आणि धडपड असणं वेगळं. नागरिकांना सरकारी नोकरी जवळजवळ हमखास मिळत होती तोवर नोकरीसाठी इंग्रजी शिकायचा रेटा कमीच होता. सौदीत २०११ मध्ये ‘निताकात’ योजना आली (खासगी कंपन्यांनी ठरावीक प्रमाणात सौदी माणसं नेमायची), २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, २०१६ मध्ये तेलावरचा भार कमी करण्याचा ‘व्हिजन २०३०’ हा आराखडा जाहीर झाला, आणि खासगी कंपन्यांत शिरायचं तर इंग्रजी पाहिजे हे घराघरांत समजलं. बराच काळ तिथे इंग्रजी सातवीपासून होती. मग सहावी, मग चौथी, आणि २०२१ पासून पहिली.

तुमच्या येमेनी विद्यार्थ्यांकडे वळू. येमेनच्या सरकारी शाळेत इंग्रजी सातवीपासून सुरू होते आणि वर्गात मुलं खच्चून भरलेली असतात. २०१६ पासून देशाच्या मोठ्या भागात शिक्षकांचे पगारही धड झालेले नाहीत. अशा ठिकाणी इंग्रजी म्हणजे बाहेर पडायचा रस्ता : शिष्यवृत्ती, नाहीतर मदत संस्थांतली नोकरी. ती इच्छा फार तीव्र असते आणि पाया मात्र कच्चा. या दोन्हींतल्या अंतरामुळे मुलं पहिल्या सत्रात खचतात. जाता जाता, येमेनचं एडन बंदर १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं. एडनच्या जुन्या घराण्यांत इंग्रजीबद्दल जी जवळीक दिसते तिचा एक धागा आपल्याच मुंबईशी बांधलेला आहे.

सुदानची मुलं भेटली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे १९९० च्या दशकात विद्यापीठांचं माध्यम इंग्रजीवरून अरबीवर नेलं गेलं. त्यामुळे आजोबा-वडिलांची इंग्रजी मुलापेक्षा चांगली असते आणि घरी त्यावरून टोमणे बसतात. सीरियाचे डॉक्टर विद्यार्थी वेगळेच. दमास्कसमध्ये वैद्यकीय शिक्षण १९१९ पासून अरबीत आहे, त्यामुळे विषय पक्का आणि संज्ञा मात्र नवीन. त्यांना भाषेचा प्राथमिक वर्ग लावलात तर अपमान वाटेल. संज्ञांची यादी द्या, महिन्याभरात गाडी धावते.

आम्ही शारजात राहतो. माझ्या मुलीच्या वर्गातल्या अमिराती मैत्रिणी आपसातही इंग्रजीतच बोलतात. त्यांच्या आयांना याचं काहीच वाटत नाही का?
— एक आई, शारजा

वाटतं, आणि बरंच वाटतं. नातवंडाला आजीची बोली कळते पण उत्तर इंग्रजीत येतं, ही तक्रार तिथे घरोघरी आहे. दादर-कोथरूडमधल्या इंग्रजी माध्यमाच्या घरांतली आजी आठवा, म्हणजे चित्र पुरं होईल. घरात मुलांना सांभाळणाऱ्या बाईशी मुलं लहानपणापासून मोडक्या इंग्रजीत बोलतात, शाळेत गणित-विज्ञान इंग्रजीत, फोनवर सगळं इंग्रजीत. लिहिताना तर अरबीसुद्धा रोमन अक्षरांत, आणि जे ध्वनी रोमनमध्ये नाहीत त्यांच्यासाठी आकडे : ‘ऐन’ या अक्षरासाठी तीन, घशातल्या ‘ह’साठी सात.

सरकारी धोरणातही ही ओढाताण दिसते. अमिरातीत खासगी शाळांनाही अरबी मुलांना शेवटच्या वर्षापर्यंत अरबी शिकवावी लागते. तुमच्या मुलीसारख्या बिगर-अरब मुलांना ती नववीपर्यंत असते. २०१५ मध्ये दुबईने अरबी पुस्तकं वाचण्याची अनेक देशांतल्या मुलांसाठी मोठी स्पर्धा सुरू केली. कतारमध्ये तर जानेवारी २०१२ मध्ये हुकूम निघाला आणि कतार विद्यापीठात कायदा, जनसंवाद, व्यवस्थापन अशा विषयांचं माध्यम इंग्रजीवरून पुन्हा अरबी झालं. इंग्रजीच्या अटीमुळे स्थानिक मुलं विद्यापीठाच्या दारातच अडकत होती, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

म्हणून एखादी अमिराती आई मुलीच्या इंग्रजीचं कौतुक करेल आणि पुढच्याच वाक्यात अरबीची शिकवणीही विचारेल. त्यात विसंगती शोधू नका. मुलीला मात्र सांगा, की मैत्रिणीच्या आजीशी दोन शब्द अरबीत बोल. त्या घरात तिचं वजन वाढेल.

धर्मामुळे इंग्रजीला विरोध होतो, असं ऐकलं. कितपत खरं?
— एक वाचक, सांगली

भाषेला विरोध क्वचितच होतो. परक्यांची भाषा शिकणं धर्माला धरूनच आहे, असं मानणारे आणि इस्लामची ओळख जगाला करून देता यावी म्हणून इंग्रजी शिकणारे विद्यार्थी सौदीत बरेच भेटतात; हजला येणाऱ्या लाखो बिगर-अरबांशी बोलायला मक्केत-मदिनेत तीच लागते. खटका उडतो तो मजकुरावर. दारू, डुकराचं मांस, प्रेमप्रकरणं, नाताळच्या पार्टीची चित्रं असलेली आंतरराष्ट्रीय पुस्तकं आखातासाठी वेगळ्या आवृत्तीत छापली जातात. नव्या शिक्षकाने नेटवरून उतरवलेला उतारा न तपासता वर्गात नेला की गाडी रुळावरून घसरते. तक्रार विद्यार्थी करत नाही, पालक करतो, आणि ती थेट वरच्या कार्यालयात जाते. आणखी एक चिंता असते ती कुराणाची भाषा मागे पडण्याची. तिचा संबंध अरबी टिकण्याशी आहे. इंग्रजी द्वेषाशी नाही.

सौदीतल्या एका महिला महाविद्यालयात शिकवायची संधी आली आहे. तिथल्या मुली इंग्रजी कशासाठी शिकतात? लग्नाआधी वेळ घालवायला, असं एका नातेवाइकाने सांगितलं.
— एक अधिव्याख्याती, नाशिक

नातेवाइकाची माहिती जुनी आहे, आणि जुन्या काळीही ती अर्धीच खरी होती. मुलींसाठी सरकारी शाळा सौदीत १९६० मध्ये निघाल्या. पुढची कित्येक वर्षं शिकलेल्या मुलीला नोकरीचे दोनच मोठे दरवाजे होते, मुलींच्या शाळा आणि दवाखाने. २००५ मध्ये राजे अब्दुल्ला यांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली आणि ऐन भरात लाखाच्या वर सौदी विद्यार्थी परदेशांत होते. त्यात मुलीही होत्या, फक्त सोबत घरचा पुरुष असण्याची अट होती. सोबत जाणाऱ्या भावाची शिष्यवृत्ती बहिणीच्या इंग्रजीवर अवलंबून असल्याची उदाहरणंही यातूनच घडली. जून २०१८ मध्ये बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, ऑगस्ट २०१९ मध्ये २१ वर्षांवरच्या स्त्रीला पालक पुरुषाच्या संमतीशिवाय पासपोर्ट मिळू लागला. कामकरी वयातल्या सौदी स्त्रियांपैकी नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण २०१६ च्या सुमारास २० टक्क्यांच्या आत होतं, ते काही वर्षांतच ३० टक्क्यांच्या वर गेलं. तुमच्या वर्गातल्या मुलीला हॉटेल, बँक, विमा, पर्यटन असे दरवाजे समोर दिसताहेत आणि प्रत्येकावर इंग्रजीची पाटी आहे.

वर्गात तुम्हाला आढळेल, की मुली मुलांपेक्षा जास्त मेहनती असतात आणि एकमेकींत खुलून बोलतात. पण आवाज किंवा चेहरा ध्वनिमुद्रित होणार म्हटलं की वातावरण थिजतं. ते ध्वनिमुद्रण कुठे पोचेल याची भीती खरी आहे. तोंडी काम व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका. मागवलंच तर ते फक्त तुम्हीच ऐकणार आणि गुण दिल्यावर पुसणार, हे लेखी सांगा आणि पाळा. महाविद्यालयाच्या आवारात फोटो काढू नका. पदवीआधीच्या तयारी-वर्षात आठवड्याला १५ ते २० तास इंग्रजीच असते आणि त्या गुणांवर पुढची शाखा ठरते, त्यामुळे “हे परीक्षेत येणार का?” हा प्रश्न रोज ऐकू येईल. त्याला टाळू नका. आधी ‘येणार’ असलेला भाग नीट उरका, मग तुमच्या आवडीचं काय ते करा. उलट क्रमाने गेलात तर दुसऱ्या आठवड्यात वर्ग हातातून जातो.

माझे अरब विद्यार्थी बोलतात छान, पण स्पेलिंगमध्ये स्वर गाळतात, ‘पार्क’ला ‘बार्क’ म्हणतात. कितीदा सांगितलं तरी तेच. मग तेही वैतागतात आणि मीही.
— एक शिकवणीचालक, मुंबई

वैताग हीच खरी अडचण आहे, कारण स्पेलिंगच्या लाल खुणा वर्षानुवर्षं पाहून चांगला विद्यार्थीही ‘मला लिहिणं येणारच नाही’ या निष्कर्षाला येतो. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. व्यंजनांच्या सांगाड्यावरून वाचक शब्द ओळखतो. हीच नजर इंग्रजीवर पडली की ‘बटर’, ‘बेटर’, ‘बिटर’ हे तिन्ही शब्द त्याला एकच वाटतात. देवनागरीत मात्रा सोडून चालतच नाही, म्हणून मराठी शिक्षकाला हा आळस वाटतो.

उपाय सोपा पण चिकाटीचा. अशा तीन-तीन शब्दांचे संच करा. रोज पाच मिनिटं, फक्त चार संच. व्यंजनं छापून द्या आणि स्वरांच्या जागा मोकळ्या ठेवा. तुम्ही शब्द म्हणा, त्यांनी जागा भरायच्या. गुण फक्त स्वरांना. तीन-चार आठवडे न चुकता केलं की नजर बदलते. ‘प’साठी तोंडासमोर पातळ कागदाची पट्टी धरायला सांगा : ‘प’ला ती हलली पाहिजे, ‘ब’ला हलता कामा नये. ‘स्प्रिंग’चं ‘इस्प्रिंग’ होतं ते सुरुवातीच्या जोडाक्षरामुळे, कारण अरबीत शब्द असा सुरू होत नाही. त्यासाठी आधी ‘स’ लांबवून म्हणून घ्या आणि मग पुढचं जोडा. वर्तमानकाळात ‘आहे’ला अरबीत क्रियापद लागत नाही, म्हणून ‘तो डॉक्टर’ असं इंग्रजी वाक्य येतं. मोठी आणि लहान अक्षरं हा भेद अरबीत नाही. लेखन उजवीकडून डावीकडे, त्यामुळे नवशिका बी-डी आणि पी-क्यू यांत गोंधळतो.

आणि सगळ्या चुका एकदम लाल करू नका. एका वहीत एका वेळी एकच प्रकार. आज फक्त स्वर.

मी अरब विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या प्रेरणेवर पीएच.डी. करतो आहे. प्रश्नावलीत प्रत्येक विधानाला सगळेच ‘पूर्ण सहमत’ लिहितात. निष्कर्ष कसा काढू?
— एक संशोधक विद्यार्थी, मराठवाडा

तसा काढूच नका. साधन दुरुस्त करा.

तुमची विधानं बहुधा गार्डनर आणि लँबर्ट यांच्या परंपरेतली असतील. त्यांनी १९५९ पासून कॅनडात काम करून दोन प्रकार सांगितले : कामापुरती शिकायची प्रेरणा आणि त्या भाषेच्या लोकांत मिसळायची प्रेरणा. तिथे फ्रेंच भाषक शेजारच्याच रस्त्यावर राहत होते. येमेनची राजधानी सना, तिथल्या मुलाच्या आसपास इंग्रज कुठे आहे? ‘मला इंग्रजी भाषकांसारखं व्हायचंय’ या विधानाला तो ‘सहमत’ म्हणतो ते निव्वळ सौजन्याने. तिथे ‘परदेशी सहकाऱ्यांशी’, ‘ऑनलाइन मित्रांशी’ असे त्याच्या ओळखीचे लोक घाला. ‘घरच्यांची इच्छा’ हे एक विधान पुरत नाही. वडील, आई, थोरला भाऊ, आणि लग्न झालेलं असल्यास जोडीदार असं वेगळं विचारा.

प्रश्नावली इंग्रजीत नको, सोप्या फुस्हात हवी. एकाने भाषांतर करावं, दुसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत आणावं, मग दोन्ही ताडून पाहा. २५-३० जणांवर आधी चालवून बघा. नकारार्थी विधानं टाळा. ‘असहमत नाही’ अशा गाठीत उत्तर उलटं पडतं. पाचऐवजी सहा पर्याय द्या, म्हणजे मधलं घर राहत नाही. ‘सहमत’ऐवजी ‘गेल्या महिन्यात किती वेळा’ असे वर्तनाचे प्रश्न निम्मे असू द्या. होयबा उत्तरांवर हा सगळ्यात चांगला उतारा आहे.

एक तांत्रिक खड्डा : अरबी फॉर्ममध्ये मोजपट्टी उजवीकडून डावीकडे जाते. फॉर्मची भाषा इंग्रजी ठेवून फक्त मजकूर अरबी टाकला तर पट्टी उलटी दिसते आणि घाईतला विद्यार्थी दुसऱ्या टोकाला खूण करतो. कागदावरच्या नोंदी भरणारा मराठी मुलगाही सवयीने डावीकडून मोजतो. प्रत्येक खुणेखाली शब्द लिहा, नुसते आकडे नकोत.

४० विधानं असतील तर किमान २०० उत्तरं तरी पाहिजेत, घटक-विश्लेषण (कोणती विधानं एकत्र जातात ते गणिताने शोधणं) करायचं असेल तर जास्तच. विश्वसनीयतेचा अल्फा, म्हणजे गटातल्या विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, ०.७० च्या खाली गेला तर तो विधानगट टाकून द्या, ओढूनताणून वापरू नका. मुलींच्या शाळेत पुरुष संशोधकाला प्रवेश मिळणार नाही, तेव्हा स्त्री सहकारी आधीच ठरवा. फॉर्म शिक्षकाच्या हातून जमा करू नका; शिक्षक वाचणार म्हटल्यावर कुणीही ‘मला इंग्रजी आवडत नाही’ लिहीत नाही. मुलाखतीत ध्वनिमुद्रणाला नकार आला तर दोघांनी मिळून हाताने टिपणं घ्यावीत, आग्रह नको. आणि प्रबंधाच्या नावात ‘अरब विद्यार्थी’ लिहून आत फक्त एका शहरातल्या एका महाविद्यालयाचे येमेनी विद्यार्थी असतील तर बाह्य परीक्षक पहिल्याच पानावर अडवेल. शहराचं नाव शीर्षकात घाला.

आमच्याकडे राहणारा ओमानी मुलगा रात्री ऑनलाइन खेळताना फाडफाड इंग्रजी बोलतो आणि परीक्षेत नापास होतो.
— एक घरमालक, पुणे

खेळातली इंग्रजी छोट्या हुकमांची असते, परीक्षेतली परिच्छेदांची. खेळ बंद करायला सांगू नका, तिथेच त्याची इंग्रजीशी मैत्री झाली आहे. खेळाचे नियम किंवा हरलेला डाव दहा ओळींत लिहून दाखवायला सांगा, आठवड्यातून दोनदा. तो लिहील.

रमजानमध्ये वर्गाची वेळ काय ठेवावी?
— एक भाषावर्ग, पुणे

दुपारी चार ते सहा अजिबात नको. रोजा सोडायच्या आधीचे ते तास सगळ्यात थकव्याचे असतात आणि मुलांना स्वयंपाकही करायचा असतो. सकाळी दहा ते बारा बरं, किंवा सगळ्यांना चालत असेल तर तरावीहच्या नमाजानंतर रात्री ऑनलाइन एक तास. तास ४५ मिनिटांचा करा. शेवटच्या दहा रात्री जागरणाच्या असतात, तेव्हा चाचणी ठेवू नका. ईद चंद्रावर ठरते, आणि सौदीतली ईद इथल्यापेक्षा बहुधा एक दिवस आधी येते; काही मुलं घरच्यांबरोबर फोनवर ती साजरी करतात, काही इथल्या मशिदीबरोबर. दोन्ही दिवस सुट्टी द्या.